अपघातानंतरचे सहा महिने

८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी शयनयान बस नाशिक शहराजवळ मालवाहू ट्रेलरवर आदळली आणि तिने पेट घेतला. बारा प्रवासी मृत्युमुखी पडले, अनेक जण होरपळले. त्याच दिवशी राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधानांच्या साहाय्यता निधीतून वारसांना दोन लाख व जखमींना पन्नास हजार रुपये देण्याची घोषणा झाली. हे आकडे ठळक अक्षरांत छापले गेले आणि अपघातग्रस्तांची भरपाई झाली, असा समज सर्वत्र रूढ झाला.

हा समज चुकीचा आहे. शासन जाहीर करते ती मदत होय; कायदा देतो ती नुकसानभरपाई होय. मदत शासनाच्या मर्जीवर व त्या दिवसाच्या हलकल्लोळावर अवलंबून असते. भरपाई हा जखमी मनुष्याचा हक्क असून तो वाहनाचा मालक, चालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध बजावता येतो. मदत घेतली म्हणून हा हक्क संपत नाही, आणि मदत मिळाली नाही म्हणून तो नाहीसाही होत नाही. तथापि तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी कागद लागतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात अपघातग्रस्त माणूस हरतो तो बहुधा येथेच.

शिवाय मंत्र्यांच्या घोषणा होतात त्या मोठ्या अपघातांच्या. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. यांतील बहुतेकांच्या वाट्यास वर्तमानपत्रातील चार ओळीही आल्या नसतील. वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी या वाटेने तेलंगणाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जाणारा नागपूर-तुळजापूर मार्ग आणि वणी परिसरातील कोळशाच्या ट्रकांची वर्दळ पाहिली म्हणजे या जिल्ह्यात जखमी कोण होतो ते निराळे सांगावयास नको. शाळेत दुचाकीवरून जाणारा शिक्षक, तालुक्याच्या कचेरीतून परतणारा कारकून, कापूस वेचणीसाठी टेम्पोत बसलेली मजूर बाई, बाजाराचा शेतकरी, हेच ते लोक.

पहिला तास, पहिला दिवस

कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासास विशेष महत्त्व दिले आहे, कारण या तासात उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व प्रकारच्या तातडीच्या साहाय्यासाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक पाठ असणे ही आता साक्षरतेचीच एक बाब मानली पाहिजे. जखमीस प्रथम उपचार, कायद्याचे सोपस्कार नंतर, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच घालून दिले. ‘पोलिसांचा कागद आणा, मग हात लावू’ असे म्हणण्याचा अधिकार सरकारी वा खासगी कोणत्याही डॉक्टरास नाही.

रस्त्यावरून जाणारा मनुष्य जखमीपाशी थांबत नाही, त्याचे कारण निर्दयता हे नसते. कोर्टाच्या खेपांची भीती हे असते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या नियमांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले. जखमीस सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीस पहिल्या तासात रुग्णालयात पोचविणाऱ्यास केंद्र शासन २०२५ पासून पंचवीस हजार रुपयांचे पारितोषिकही देऊ करते. भीतीचे कारण गेले आहे. भीती मात्र गेलेली नाही.

पैशाची अडचण दूर करण्यासाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणाही व्यक्तीस, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत मिळावयाचे आहेत. रुग्ण दाखल होतानाच नातेवाइकांनी या योजनेचा उल्लेख केला पाहिजे. घरातील दागिने गहाण टाकून झाल्यावर योजनेची माहिती कळण्यात काही अर्थ नाही.

यानंतर प्रश्न कागदांचा. रुग्णालयात दाखल करताना ‘घसरून पडला’ असे सांगण्याची वाईट प्रथा खेड्यांत आहे. पोलिसांचे झंझट नको, हा तीमागील हेतू. परंतु रुग्णालयाच्या नोंदीत पहिल्या दिवशी जे लिहिले जाते तेच पुढे दाव्याचा पाया ठरते. घसरून पडलेल्या माणसास टेम्पोने धडक दिली, असे चार महिन्यांनी सांगू लागल्यास विमा कंपनीचा वकील त्या नोंदीवरच बोट ठेवणार. म्हणून अपघाताचे खरे कारण, वेळ, स्थळ आणि शक्य तर वाहनाचा क्रमांक रुग्णालयाच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत आला पाहिजे. पोलीस ठाण्यात प्रथम खबर द्यावी आणि तिची प्रत विनामूल्य घ्यावी. हद्दीच्या सबबीवर खबर नाकारता येत नाही. वाहने हलविण्यापूर्वी छायाचित्रे, दोन साक्षीदारांची नावे व पंचनामा ही तीन कामे जखमीचे सोबती करू शकतात.

याच वेळी वाहनमालकाचा माणूस भेटावयास येतो. ‘औषधपाण्याचे आम्ही पाहतो, तक्रार करू नका’ असे तो गोड शब्दांत सांगतो आणि पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवतो. गावातील चार वजनदार मंडळी मध्यस्थी करतात. पंधरा दिवसांनी पैसे संपतात, मालक भेटेनासा होतो आणि मोडलेल्या पायाचा हाडात बसवलेला गज तेवढा उरतो. आपसांत मिटविण्याने मालकाची जबाबदारी मिटते. जखमीची मिटत नाही. यात विपर्यास असा की, वाहनाचा विमा असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून बहुधा जातच नाही, विमा कंपनी देते. तक्रार टाळून जखमी मनुष्य मालकावर उपकार करीत नाही, विमा कंपनीवर करतो.

दावा कोठे व कशाचा

मोटार अपघातांचे दावे साध्या दिवाणी न्यायालयाऐवजी खास न्यायाधिकरणापुढे चालावेत, ही व्यवस्था १९५६ च्या दुरुस्तीने आली आणि १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालविली. दावा अपघात घडला तेथेच लावला पाहिजे असे नाही. अर्जदार राहतो वा व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या, किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणापुढे तो लावता येतो. नाशिकजवळ होरपळलेल्या यवतमाळच्या प्रवाशास नाशिकच्या खेपा घालण्याचे कारण नाही. १९ मे २०२० रोजी आर्णी तालुक्यातील कोळवनजवळ सोलापूरहून नागपूरकडे परप्रांतीय मजुरांना घेऊन जाणाऱ्या बसला अपघात होऊन चार जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. झारखंडला निघालेल्या त्या मजुरांनाही आपल्या गावाजवळच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा कायद्याने दिली होती. ती त्यांना कोणी सांगितली असेल काय, हा प्रश्न अप्रस्तुत नाही.

दाव्याचे मार्ग तीन आहेत. वाहन पळून गेले व त्याचा पत्ता लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये ठरविलेले आहेत. हा अर्ज न्यायालयात करावयाचा नसून महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे वा तहसीलदाराकडे करावयाचा असतो. वाहन माहीत असेल तर, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, कलम १६४ नुसार मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. तिसरा मार्ग कलम १६६ चा. यात चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, परंतु भरपाईस वरची मर्यादा नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कलम १६४ खालील रक्कम विमा कंपनीशी तडजोडीच्या रीतीने स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. अडीच लाखांचा धनादेश समोर दिसत असताना पंधरा लाखांचा हक्क सोडला जात आहे, हे रुग्णशय्येवरील माणसास उमगत नाही. लोकन्यायालयातील तडजोडीचेही तसेच. खटला लवकर संपतो हे खरे, परंतु तेथील निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही. तडजोड करू नये असे नव्हे; आकडा काय असावयास हवा हे ठाऊक असल्यावाचून ती करू नये.

हाताची किंमत

तो आकडा कसा ठरतो? उपचारांचा खर्च, प्रवास, शुश्रूषा, बुडालेली मजुरी वा खर्ची पडलेली रजा, वेदना, पुढील शस्त्रक्रिया या बाबी आहेतच. मुख्य बाब म्हणजे कमाईच्या शक्तीची हानी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिचे सूत्र सुबोध रीतीने मांडले. अपंगत्वाचा दाखला सांगतो ती शरीराची हानी; न्यायाधिकरणाने पाहावयाची ती कमाईची हानी, आणि या दोन्ही समान नसतात. डावा हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. तोच हात सुताराचा किंवा वाहनचालकाचा असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडेल. शरीराचे अपंगत्व दोघांचे सारखेच, भरपाई मात्र भिन्न.

यवतमाळ जिल्ह्यात या सूत्राचा अर्थ फार मोठा आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांची हालचाल गेली, किंवा पाटीभर ओझे उचलणाऱ्या मजुराचा गुडघा वाकेनासा झाला, तर दाखल्यावर तीस टक्के लिहिलेले असले तरी तिची वा त्याची कमाई किती उरली हे स्वतंत्रपणे सिद्ध करता येते. एक उदाहरण घेऊ. बत्तीस वर्षांचा मजूर महिना बारा हजार रुपये मिळवितो असे धरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ व २०२० च्या निकालांनुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवावयाचे. म्हणजे महिना १६,८०० व वर्षाचे २,०१,६०० रुपये. कमाईची हानी पन्नास टक्के मानली तर वर्षाचे १,००,८०० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या कोष्टकाप्रमाणे या वयास सोळाचा गुणक लागतो. रक्कम १६,१२,८०० रुपये. हीच हानी दाखल्याबरहुकूम तीस टक्के धरली तर ती ९,६७,६८० वर येते. साडेसहा लाख रुपयांचा हा फरक डॉक्टरची नीट झालेली साक्ष आणि मजुरीचा एखादा विश्वसनीय पुरावा यांवर अवलंबून असतो.

गृहिणीचे उत्पन्न शून्य धरण्याची जुनी वहिवाटही न्यायालयाने मोडून काढली आहे. घरकामासही आर्थिक मूल्य असून त्यापोटी उत्पन्न गृहीत धरले पाहिजे, हे २०२१ च्या कीर्ती प्रकरणातील निकालाने पुन्हा स्पष्ट केले. सातबारा, रोजगार हमीचे कार्ड, बँकेचे पासबुक, दूध संघाची पावती, मुकादमाची वही, यांपैकी जे असेल ते जपून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून निराळी मदत मिळते. अपघाती मृत्यूबद्दल ती दोन लाख रुपये आहे. तिचा अर्ज कृषी खात्याकडे करावयाचा असल्याने न्यायालयात धाव घेणारे तिकडे फिरकत नाहीत.

विम्याबाहेरची माणसे

या साऱ्या व्यवस्थेत काही भगदाडे आहेत आणि ती नेमकी गरिबांच्या वाटेवर आहेत. मालवाहू वाहनातून फुकट वा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये ठरविले. मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी आणि वाहनावरील कामगार यांना संरक्षण आहे. वेचणीसाठी टेम्पोत कोंबलेल्या पंचवीस बायांना ते नाही. टेम्पो आपोआप उलटला तर त्यांनी दाद मागावयाची ती टेम्पोच्या मालकाकडे, आणि त्याच्याजवळ बहुधा तो मोडका टेम्पोच काय तो असतो. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने टक्कर झाली असेल तर मात्र त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून त्यांना भरपाई मागता येते. म्हणून चूक कोणाची हे पंचनाम्यात कसे लिहिले जाते याला एवढे महत्त्व.

दुचाकीच्या मागील आसनाचेही तसेच आहे. केवळ कायद्यापुरता, सर्वांत स्वस्त विमा उतरविला असेल तर चालकाच्या चुकीने जखमी झालेल्या मागील माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे २००६ च्या तिलकसिंग प्रकरणाने स्पष्ट झाले. सहकाऱ्याच्या गाडीवर बसून रोज शाळेला वा कचेरीला जाणाऱ्या किती जणांनी ती विम्याची पावती कधी वाचली आहे? सर्वंकष विमा घेतलेला असल्यास हे संरक्षण मिळते. हप्त्यातील थोडीशी बचत कोणाच्या जिवावर होते, याचा विचार मालकाने केला पाहिजे.

मुदतीचा प्रश्न

सर्वांत गंभीर प्रश्न मुदतीचा आहे. १९८८ च्या मूळ कायद्यात दाव्यास सहा महिन्यांची मुदत होती आणि सबळ कारण असल्यास ती बारा महिन्यांपर्यंत वाढविता येई. गरीब व अशिक्षित अपघातग्रस्तांना ही मुदत पाळता येत नाही असा अनुभव आल्यावर संसदेने १९९४ साली ती काढून टाकली. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे मुदतीवाचून दावे चालले. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हा लागू झाली. विलंब क्षम्य करण्याची तरतूद मात्र परत आली नाही. या अटीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि त्या आव्हानावर विसंबून दावा लांबविणे हा शुद्ध जुगार ठरेल. अपघातापासून सहा महिने हीच अखेरची तारीख मानून चालले पाहिजे.

मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पूर्णतः पोकळ नाही. दहा-दहा वर्षांनी लावलेले दावे तपासणे कठीण असते. खोट्या अपघातांचे, मागाहून घुसडलेल्या वाहनांचे दावेही झालेले आहेत, आणि त्यांचा भार शेवटी विम्याचा हप्ता भरणाऱ्या प्रत्येकावर पडतो. परंतु या रोगावर कायद्यातच दुसरे औषध आहे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावयाचा, जखमीस त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यावयाचा आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल सादर करावयाचा आहे. हा अहवाल न्यायाधिकरणाने दाव्याचा अर्ज म्हणूनच समजावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर महंमद प्रकरणात या नियमांच्या अंमलबजावणीसाठी सर्व राज्यांना सविस्तर आदेश दिले.

याचा अर्थ असा की, पोलिसांनी आपले काम वेळेत केले तर सहा महिन्यांची मुदत कोणासही जाचक होणार नाही. आणि खोट्या दाव्यांसही वाव उरणार नाही, कारण अठ्ठेचाळीस तासांत कळविलेल्या अपघातात वाहन मागाहून घुसडता येत नाही. उलट अहवाल रखडला तर त्याचा दंड पोलिसांना होत नाही, विमा कंपनीस होत नाही. तो खाटेवर पडलेल्या जखमीस होतो. ज्याच्या हाती काही नाही त्याच्यावर मुदत आणि ज्याच्या हाती सर्व काही आहे त्यास ढिलाई, ही रचना न्याय्य म्हणता येणार नाही. विलंब क्षम्य करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार संसदेने परत दिला पाहिजे. आणि अहवाल सादर झाला नसेल तेथे मुदत मोजण्यास प्रारंभच होऊ नये, अशी तरतूद केली पाहिजे.

संसदेने हे करीपर्यंत जिल्ह्यात करण्याजोगे बरेच आहे. महिन्यात किती अपघात नोंदले गेले आणि त्यांपैकी कितींचे अहवाल न्यायाधिकरणाकडे गेले, हे दोन आकडे पोलीस अधीक्षकांनी दरमहा प्रसिद्ध केले तर ढिलाई झाकली जाणार नाही. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्यांची रुग्णालये यांच्या दर्शनी भागात हक्कांची मराठी पाटी लावण्यास खर्च तो कितीसा? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातर्फे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतर गरजूंना ठराविक उत्पन्नमर्यादेत, विनामूल्य वकील मिळतो. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या भागांतील कोलाम व गोंड कुटुंबांपर्यंत ही गोष्ट पोचविण्याचे काम भिंतीवरील पत्रकाने होणार नाही. त्यासाठी माणूस गेला पाहिजे.

तो माणूस गावात बहुधा असतोच. अर्ज लिहून घेण्यासाठी, तार किंवा नोटीस वाचून घेण्यासाठी खेड्यातील लोक ज्याच्याकडे जात आले तो शिक्षक, ग्रामपंचायतीचा कारकून, महाविद्यालयात शिकणारा मुलगा, हे आजही आहेत. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी जखमीच्या घरी जाऊन प्रथम खबरेची प्रत, रुग्णालयाची नोंद, वाहनाचा क्रमांक व मजुरीचा पुरावा एका पिशवीत घालून ठेवणे आणि दिनदर्शिकेवर सहा महिन्यांची तारीख लिहून देणे, एवढे त्यांच्यापैकी कोणीही करू शकेल. पाचव्या महिन्यात त्याच घरी पुन्हा एकदा जाऊन, दावा दाखल झाला की नाही हे विचारण्याची आठवण मात्र त्याने ठेवली पाहिजे.